कार्ड निवडायच्या आधी घरखर्चाचा कागद काढा

प्रश्न : काकू नमस्कार, मी सांगलीचा, विश्रामबागला राहतो, वय २९. कुपवाड एमआयडीसीत सुपरवायझर आहे, हातात ३४ हजार येतात. बायको घरी ब्लाउज शिवते, तिचे महिन्याला पाच-सहा हजार होतात. अजून कसलंही कर्ज काढलेलं नाही. रोज कुठल्या ना कुठल्या बँकेतनं फोन येतो, लाइफटाइम फ्री क्रेडिट कार्ड घ्या म्हणून. कंपनीतल्या मित्राकडं एक भारी कार्ड आहे, त्याला एअरपोर्टवर लाउंजमधे फुकट जेवण मिळतं, तो म्हणतो हेच घे. वडील म्हणतात घरात कार्ड आणलंस तर माझ्याशी बोलू नको. दिवाळीला फ्रिज घ्यायचाय आणि नंतर आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन मिरजेत करायचंय. नेमकं कुठलं कार्ड घेऊ?

उत्तर : आधी तुमच्या वडिलांचं बोलते, कारण त्यांची भीती खोटी नाही. मी २४ वर्षं बँकेत काउंटरवर काढली, कार्डाचं बिल हातात घेऊन रडकुंडीला आलेली माणसं बघितलीत, आणि खरं सांगते त्यातली बरीचशी उधळी नव्हती, नीट संसार करणारी माणसं होती, त्यांना फक्त स्टेटमेंटवरचे दोन आकडे कुणी समजावून सांगितले नव्हते.

ते दोन आकडे म्हणजे टोटल ड्यू, म्हणजे पूर्ण बिल, आणि मिनिमम ड्यू, म्हणजे निदान एवढं तरी भरा असा आकडा. समजा बिल आलं २० हजाराचं. शेजारीच लिहिलेलं असतं मिनिमम ड्यू १ हजार, साधारण ५ टक्के धरतात. माणसाला वाटतं बँकच सांगतीय की हजार भरले तरी चालतंय, मग बाकीचे पुढच्या महिन्यात बघू. आता हिशोब बघा. कार्डावरचं व्याज बहुतेक ठिकाणी महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. २० हजारावर महिन्याचे ७०० रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १२६, झाले ८२६. तुम्ही भरलेल्या हजारातले ८२६ तिथंच गेले आणि मूळ रकमेतले कमी झाले फक्त १७४. वर त्या महिन्यात कार्डावर जे काही नवीन घ्याल त्याला बिनव्याजी मुदत मिळत नाही, घेतल्या दिवसापासनं व्याज चालू. या व्याजाला सरकारी लगाम असेल असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तसं नाही. २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ३० टक्क्यांच्या वरचं व्याज चुकीचं ठरवलं होतं, तो निकाल सुप्रीम कोर्टाने २० डिसेंबर २०२४ ला रद्द केला. त्यामुळं मिनिमम ड्यू हा शब्द तुमच्या घरापुरता नाहीच असं समजा. वडिलांना हे आकडे कागदावर मांडून दाखवा, ते तुमच्याशी बोलायचं थांबणार नाहीत, उलट तुम्हाला कळलंय हे बघून त्यांना धीर येईल.

माझ्यावर स्वतःवर एकदा हे बेतलंय. मावस बहिणीच्या लग्नाला मारुती रोडवरनं साड्या आणि आहेराचं सामान घेतलं कार्डावर, बिल आलं वीस हजाराच्या घरात. भरताना खात्यात दोनेक हजार कमी होते, म्हटलं अठरा भरते, उरलेल्या दोन हजारावर काय व्याज लागेल ते लागेल. पुढचं स्टेटमेंट आलं आणि मी ते तीन वेळा वाचलं. व्याज दोन हजारावर नव्हतं, अख्ख्या बिलावर होतं आणि तेही खरेदीच्या तारखेपासनं. बँकेत फोन केला, तिथनं सांगितलं मॅडम अटींमधे लिहिलंय. लिहिलेलं होतं, बारीक अक्षरात, मी वाचलं नव्हतं, आणि मी स्वतः बँकेतली बाई. आजच्या दराने मांडायचं तर असं पडतं : ५ जूनला २० हजाराची खरेदी, बिल २० जूनला, भरायची तारीख ९ जुलै, त्या दिवशी १८ हजार भरले. तर ५ जून ते ९ जुलै असे ३४ दिवस पूर्ण २० हजारावर व्याज, पुढं बिल बनेपर्यंत २ हजारावर, आणि जीएसटी धरून जवळपास साडेनऊशे रुपये. दोन हजार कमी भरले म्हणून साडेनऊशे! तेव्हापासनं आजपर्यंत मी एक रुपया कमी भरलेला नाही.

तुमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात उधारीची वही असेल ना, आमच्याकडं अजून आहे. महिन्याचा माल नेता, पगार झाला की चुकता करता, मधे दुकानदार व्याज लावत नाही. पूर्ण बिल भरणाऱ्याला कार्ड म्हणजे तीच वही आहे, २० दिवसांपासनं ५० दिवसांपर्यंत बिनव्याजी. फरक इतकाच की दुकानदार ओळखीचा असतो, दोन हजार राहिले तर म्हणतो असू दे पुढच्या महिन्यात द्या, आणि कार्डाला ओळखपाळख नसते. हे मान्य असेल आणि पगारातनं पूर्ण बिल भरायची शिस्त घरात असेल तरच पुढचं वाचा.

आता कुठलं कार्ड. फोनवरची पोरगी सांगते ते किंवा मित्र सांगतो ते ऐकून कार्ड ठरवू नका, मागच्या तीन महिन्यांचा खर्च काढा. बँकेच्या ॲपमधे स्टेटमेंट मिळतं, यूपीआयची यादी मिळते, एका रविवारी बायकोबरोबर बसा आणि एका कागदावर लिहा, किराणा किती, पेट्रोल किती, लाइट बिल मोबाइल गॅस किती, ऑनलाइन किती, प्रवास किती. तुम्ही आकडे लिहिले नाहीत म्हणून मी अंदाजाने धरते : किराणा दूध भाजी ९ हजार, पेट्रोल २ हजार, बिलं अडीच हजार, ऑनलाइन दोन-अडीच हजार. तुमचे आकडे वेगळे निघतील, निघू देत, पण पद्धत हीच.

मित्राच्या लाउंजवाल्या कार्डाचं बघू. आपल्या सांगलीला विमानतळ नाही, जवळचं कोल्हापूर नाहीतर मग पुणे. तुम्ही वर्षातनं किती वेळा विमानात बसता? एकदाही नसेल तर ते जेवण तुमच्या ताटात येणारच नाही, फी मात्र दरवर्षी जाणार. शिवाय आता बऱ्याच कार्डांवर मागच्या तीन महिन्यांत अमुक इतका खर्च केला असेल तरच लाउंज मिळतं, अशी अट असते. मित्र कामानिमित्त फिरत असेल, त्याला परवडत असेल, त्याचं काही चुकलं नाही. पण तुम्ही पुण्याला जाता ते एसटीने नाहीतर मिरजेतनं रेल्वेने, तुमची गरज वेगळी आहे.

पेट्रोलचं कार्ड घ्या असंही कुणीतरी सांगेलच. पेट्रोल कंपन्यांच्या नावाची कार्डं चार-पाच टक्के परत देतात असं म्हणतात, पण ते त्यांच्याच पंपावर, आणि फी असते. ५०० फी म्हटली की जीएसटीसकट ५९० होतात. तुमच्या २ हजाराच्या पेट्रोलवर महिन्याला ८०-१०० रुपये सुटणार, वर्षाचे हजाराच्या आत-बाहेर, त्यातनं ५९० वजा करा, काय राहिलं? आणि एक बारीक गोष्ट कुणी सांगत नाही, कार्डाने पेट्रोल भरलं की साधारण १ टक्का सरचार्ज, म्हणजे जादा आकार लागतो, तो माफ होतो म्हणतात, पण त्याला एका वेळी कमीत कमी ४००-५०० रुपयांचं पेट्रोल भरायची अट असते, आणि सरचार्जवरचा जीएसटी परत मिळत नाही ते वेगळंच. मोटरसायकलवाला दर वेळी २०० चं टाकतो, त्याला ती माफी मिळतच नाही. चारचाकी घेऊन रोज कऱ्हाड-सातारा करणाऱ्याला ते कार्ड जरूर घ्या म्हणेन, तुम्हाला नाही.

म्हणजे राहिला किराणा, जो तुमचा सगळ्यात मोठा खर्च आहे, आणि तो तुम्ही मॉलमधे करत नाही, गल्लीतल्या दुकानात क्यूआर स्कॅन करून करता. म्हणून तुमच्यासाठी मला रुपे, म्हणजे व्हिसा-मास्टरकार्डसारखंच पण आपलं भारतीय, क्रेडिट कार्ड योग्य वाटतं, कारण २०२२ पासनं रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, आणि मग त्याच क्यूआरवर कार्डातनं पैसे जातात, मशीन लागत नाही. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक म्हणजे हे फक्त दुकानाच्या, म्हणजे व्यापारी म्हणून नोंदवलेल्या क्यूआरला चालतं, माणसाच्या खात्याला चालत नाही. त्यामुळं मंडईतल्या भाजीवाल्या मावशींनी पोराच्या खात्याचा क्यूआर लावला असेल तर तिथं कार्ड जाणार नाही, तिथं नेहमीसारखं बँक खात्यातनं द्या. दुसरं म्हणजे छोट्या दुकानदाराला २ हजारापर्यंतच्या रकमेवर याचा चार्ज पडत नाही, पण रक्कम त्यावर गेली की पडू शकतो, तर दिवाळीचा मोठा माल भरताना दुकानदाराला आधी विचारा, त्या बिचाऱ्याचं मार्जिनच किती असतं. आणि यूपीआयवरच्या खर्चाला पॉइंट किती देतात ते प्रत्येक कार्डाचं वेगळं असतं, बऱ्याचदा कमीच असतं, तेवढं विचारून घ्या. ऑनलाइनचा खर्च एकाच साइटवर खूप असता तर त्या साइटच्या नावाचं कार्ड घ्या म्हटलं असतं, दोन-अडीच हजारासाठी त्यामागं लागायला नको. एक कार्ड, तेही फी नसलेलं, बास.

ते कुठून घ्यायचं? तुम्ही कधी कर्ज काढलेलं नाही म्हणता, ही चांगली गोष्ट, पण बँकेच्या नजरेनं तुमचा इतिहासच नाही. सिबिल स्कोअर, म्हणजे कर्ज आणि बिलं वेळेवर फेडण्याचे गुण, ३०० ते ९०० मधे मोजतात, ७५० च्या वर असला की चांगला धरतात, तुमचा बहुतेक अजून तयारच झाला नसेल. वर्षातनं एकदा सिबिलचा पूर्ण रिपोर्ट फुकट बघता येतो, आधी तो बघा. मग जिथं पगार जमा होतो त्याच बँकेत विचारा, तिथं तुमचा पगार त्यांना दिसतो. नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊन लगेच चार ठिकाणी अर्ज टाकू नका, प्रत्येक अर्जाची नोंद सिबिलला होते आणि लागोपाठ अर्ज दिसले की पुढचा पण हात आखडता घेतो. त्यापेक्षा एफडीवरचं कार्ड घ्या. २० किंवा २५ हजाराची एफडी करायची, त्याच्या ८० ते १०० टक्के लिमिटचं कार्ड मिळतं, एफडीचं व्याज चालूच राहतं, आणि वेळेवर बिल भरत गेलात की वर्षभरात स्कोअर तयार होतो. तुमच्या घरातली परिस्थिती बघता मला खरं तर हेच जास्त पटतं. वडिलांना सांगता येईल की बाबा, आपलेच २० हजार बँकेत आहेत, त्याच्यापुढं हे कार्ड जाऊच शकत नाही. घेताना ते रुपेचं आणि यूपीआयला जोडता येणारं आहे का तेवढं विचारा, मोठ्या बँकांनी रुपे, व्हिसा, मास्टरकार्ड यातलं निवडायची मुभा द्यायची असा रिझर्व्ह बँकेचा नियम सप्टेंबर २०२४ पासनं आहे.

लिमिट जास्त मिळालं तरी महिन्याला त्याच्या ३० टक्क्यांच्या आत खर्च असलेला स्कोअरला बरा. २५ हजाराच्या लिमिटमधे हे सांभाळणं अवघड जाईल, मग सुरुवातीला फक्त किराणा तेवढा कार्डावर ठेवा, बाकीचं खात्यातनं जाऊ दे.

फोनवाल्यांचं. लाइफटाइम फ्री म्हणतात त्यातलं काही खरं असतं, पण फोनवर हो म्हणू नका आणि ओटीपी तर कुणालाही सांगू नका, बँकेतनं बोलतोय म्हणाला तरी नाही. कार्ड हवंच असेल तर शाखेत जाऊन किंवा बँकेच्या स्वतःच्या ॲपमधनं अर्ज करा. विचारायचं ते हे : पहिल्या वर्षी फी किती, दुसऱ्या वर्षापासनं किती, फी माफ व्हायला किती खर्च करावा लागतो, आणि कार्डाबरोबर विमा वगैरे काही चिकटवताय का. न मागता कार्ड पाठवायला रिझर्व्ह बँकेची बंदी आहे, पाठवून पैसे लावले तर ते परत करून वर दुप्पट दंड बँकेला बसतो. पुढं कधी कार्ड बंद करायचं ठरवलं आणि बाकी काही नसेल तर ७ कामाच्या दिवसांत बंद केलंच पाहिजे, नाहीतर दिवसाला ५०० रुपये त्यांनी तुम्हाला द्यायचे, हा २०२२ चा नियम आहे. बँकेने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं, १४४४८ वर माहिती मिळते. आणि फसवणूक झाली असं वाटलं तर आधी कार्ड ब्लॉक करा आणि लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, उद्या बघू म्हणू नका.

फ्रिजचं काय करायचं? दुकानात नो कॉस्ट ईएमआयचा, म्हणजे बिनव्याजी हप्त्यांचा बोर्ड असतोच. घ्यायच्या आधी दुकानदाराला एकच प्रश्न विचारा, रोख दिले तर किती कमी करणार? बऱ्याचदा रोखीला जी सूट मिळते तीच ईएमआयवाल्याला मिळत नाही, शिवाय प्रोसेसिंग फी असते आणि व्याजाच्या भागावर जीएसटी दर महिन्याला लागतो, त्यामुळं नो कॉस्ट म्हणजे अगदी शून्य नसतं. आणि कार्डावर ईएमआय केला की तेवढं लिमिट अडकून पडतं, २५ हजाराच्या कार्डावर फ्रिज घेतला तर किराण्याला काही राहणारच नाही. दिवाळीला अजून वेळ असेल तर आत्तापासनं दर महिन्याला थोडे बाजूला काढा आणि रोखीनेच घ्या.

आईच्या ऑपरेशनसाठी मात्र कार्डाच्या भरवशावर राहू नका, हे मी जरा जोर देऊन सांगते. मोतीबिंदूचं ऑपरेशन अचानक येत नाही, तारीख आपण ठरवतो, म्हणजे पैसेही आधी ठरवता येतात. मिरजेत दोन-तीन ठिकाणी जाऊन कुठली लेन्स बसवणार आणि सगळं मिळून किती होतील ते लिहून घ्या, घरात कुणाचा आरोग्य विमा असेल तर तोही काढून बघा. पैसे हातात असतील तर कार्ड स्वाइप करून लगेच बिल भरून टाकायला हरकत नाही. पण काउंटरवर रोख मागितली म्हणून एटीएममधनं क्रेडिट कार्डाने पैसे काढायचे नाहीत, कधीच नाही. त्याला काढायचीच वेगळी फी असते, साधारण अडीच टक्के, आणि बिनव्याजी एक दिवसही मिळत नाही, त्या मिनिटापासनं व्याज चालू होतं. त्यापेक्षा स्वतःच्या एफडीवर कर्ज, नाहीतर सोन्यावर कर्ज, हे दोन्ही कितीतरी स्वस्त पडतात.

कार्ड हातात आलं की पहिल्याच दिवशी करायच्या गोष्टी सांगते. ऑटोपे लावा, म्हणजे बिल खात्यातनं आपोआप भरलं जाईल, आणि लावताना तिथं दोन पर्याय येतात, मिनिमम ड्यू आणि टोटल ड्यू, तिथं टोटल निवडा, घाईत चुकीचं बटण दाबलेली माणसं मी बघितलीत, त्यांना सहा महिन्यांनी कळलं. बिलाची तारीख बदलून मागता येते, तर भरायची तारीख पगारानंतर चार-पाच दिवसांनी येईल अशी लावून घ्या, तुमचा पगार ७ ला होत असेल तर १२ च्या आसपास. तरीही एखाद्या वेळी राहून गेलं तर घाबरू नका, ३ दिवसांच्या आत भरलं तर लेट फी लावता येत नाही, पण व्याज चुकत नाही. परदेशातला वापर ॲपमधनं बंद करून ठेवा. टॅप करून पैसे द्यायची सोय हवी का नको तेही ठरवा, कारण ५ हजारापर्यंत पिन न टाकता पैसे जातात आणि पाकीट बसमधे पडलं तर तेवढं पुरतं.

एक तुम्ही विचारलं नाहीत ते मी बोलते. तुमची बायको महिन्याला पाच-सहा हजार कमावते, अस्तर, धागे, लेस आणते, गिऱ्हाइकाकडनं पैसे येतात, म्हणजे तो धंदा आहे. तुमच्या कार्डावर तिच्या नावाचं ॲड-ऑन कार्ड काढलं तर सगळी जबाबदारी आणि सगळी नोंद तुमच्या नावावर राहते, तिचा स्कोअर त्यातनं तयार होईलच असं नाही. तिची दहा-पंधरा हजाराची एफडी तिच्या नावावर होत असेल तर तिलाही तिचं स्वतःचं कार्ड मिळतं. उद्या तिला पिकोचं मशीन किंवा मोटर लावलेलं चांगलं शिलाई मशीन कर्जाने घ्यायचं झालं तर बँकेत तिच्या नावाने काहीतरी दिसलं पाहिजे. एकदम नको, आधी तुमचं सहा महिने नीट चालू दे, मग तिचं.

या रविवारी तो खर्चाचा कागद करा, वडिलांना पण शेजारी बसवा, त्यांना किराण्याचा आणि दुधाचा आकडा तुमच्यापेक्षा बरोबर माहीत असेल. पहिलं बिल आलं की कार्ड नंबर झाकून त्याचा फोटो मला पाठवा, कुठला आकडा कशाचा ते ओळीने सांगते.